पाहिलं, म्हणून ठाऊक: ग्रीक क्रियापद ‘ओइदा’

‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात होमर मध्येच थांबतो. ट्रॉयच्या किनाऱ्याला लागलेल्या जहाजांची आणि त्यांच्या सरदारांची लांबलचक यादी त्याला सांगायची आहे. ती सुरू करण्याआधी तो काव्यदेवतांना साकडं घालतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही देवता, तुम्ही तिथे हजर असता, म्हणून तुम्हाला सगळं ठाऊक, आम्ही माणसं कानावर आलेल्या कीर्तीवर जगतो, आम्हाला ठाऊक काहीच नाही. या लागोपाठच्या दोन ओळींत एकच क्रियापद दोनदा येतं. देवतांसाठी ‘इस्ते’, म्हणजे ‘तुम्हाला ठाऊक आहे’. माणसांसाठी ‘इद्मेन’, म्हणजे ‘आम्हाला ठाऊक आहे’, पण नकारासकट. कोशात हे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनात सापडतं: ‘ओइदा’, मला ठाऊक आहे.

हजर असणं आणि ठाऊक असणं यांची जी सांगड होमर इथे घालतो, ती या क्रियापदाच्या घडणीतच आहे. ‘ओइदा’चा मूळ धातू ‘विद्’, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘पाहणं’. ‘ओइदा’ हे त्या धातूचं पूर्ण काळाचं रूप. म्हणजे शब्दशः ‘मी पाहून झालो आहे’, आणि अर्थ मात्र आत्ताचा: ‘मला ठाऊक आहे’. ग्रीक शिकणाऱ्याला पहिल्या वर्षीच बजावलं जातं की हे रूप भूतकाळाचं दिसलं तरी वाचायचं वर्तमानात.

मराठी माणसाला यात फारसं नवल वाटू नये. ‘मला भूक लागली’, ‘मी दमलो’, ‘बरं, कळलं’ ही सगळी रूपं भूतकाळाची आहेत, पण बोलणारा आत्ताची अवस्था सांगत असतो. ‘कळलं’ म्हणताना कळण्याची क्रिया संपलेली असते आणि कळलेलं आपल्यापाशी उरलेलं असतं. प्राचीन ग्रीकमध्ये पूर्ण काळाचं मुख्य काम नेमकं हेच होतं: क्रिया उरकल्यावर जी स्थिती मागे राहते ती सांगणं. ‘हेस्तेका’ म्हणजे ‘मी उभा राहून झालो’, अर्थात ‘मी उभा आहे’. ‘तेथ्नेके’ म्हणजे ‘तो मेला’, अर्थात ‘तो आता जिवंत नाही’. याच न्यायाने ज्याचं पाहून झालं, त्याला ठाऊक आहे.

‘पाहणं’ हा अर्थ ग्रीकमध्ये पुसला गेला नाही. ‘एइदोन’, म्हणजे ‘मी पाहिलं’, हे याच धातूचं साधं भूतकाळी रूप रोजच्या वापरात होतं. फक्त ते दुसऱ्याच क्रियापदाच्या संसारात जाऊन राहिलं. ‘मी पाहतो’ म्हणायला ‘होराओ’, ‘मी पाहीन’ म्हणायला ‘ओप्सोमाइ’ आणि ‘मी पाहिलं’ म्हणायला ‘एइदोन’. तीन धातूंची तीन रूपं मिळून एक क्रियापद चालतं. आपण ‘जातो’ म्हणतो आणि भूतकाळात ‘गेलो’ म्हणतो, तसाच हा प्रकार.

आता रूपं जवळून पाहू. एकवचन: ओइदा, ओइस्था, ओइदे. अनेकवचन: इद्मेन, इस्ते, इसासि. (अथेन्सच्या बोलीत ‘इद्मेन’चं ‘इस्मेन’ झालं.) यांच्या शेजारी संस्कृतातल्या ‘विद्’ धातूची जुनी रूपं ठेवा: वेद, वेत्थ, वेद; विद्म, विद, विदुः. ‘वेद’ या नामाशी आपली ओळख असते. पण ‘वेद’ हे ‘मी जाणतो’ आणि ‘तो जाणतो’ या अर्थाचं क्रियापदाचंही रूप आहे, हे बहुतेकांना संस्कृतचा तास सुटल्यावर आठवत नाही.

साम्य नुसतं आवाजाचं नाही, रचनेचं आहे. एकवचनात धातूचा स्वर भारी (ओइद्, वेद्) आणि अनेकवचनात हलका (इद्, विद्). संस्कृत व्याकरणात ज्याला गुण म्हणतात तो स्वरबदल ग्रीकमध्येही त्याच जागी होतो. द्वितीयपुरुषी एकवचनात धातूचा ‘द्’ आणि प्रत्ययाचा ‘थ’ एकमेकांना भिडतात. ही टक्कर दोन्ही भाषांनी आपापल्या पद्धतीने सोडवली. संस्कृतने ‘वेत्थ’ केलं, तर ग्रीकने पहिल्या दंत्याचा ‘स्’ करून ‘ओइस्था’ केलं.

सर्वांत बोलका पुरावा वेगळाच आहे. पूर्ण काळाच्या रूपात दोन्ही भाषा सहसा धातूच्या सुरुवातीची द्विरुक्ती करतात. संस्कृतात ‘दृश्’चं ‘ददर्श’ होतं. ग्रीकमध्ये त्याच धातूचं भावंड ‘देर्कोमाइ’ आहे आणि त्याचं पूर्ण रूप ‘देदोर्का’. ‘ददर्श’ आणि ‘देदोर्का’ हीसुद्धा सख्खीच जोडी. पण ‘वेद’मध्ये द्विरुक्ती नाही, आणि ‘ओइदा’मध्येही नाही. नियम दोघींचा एक आणि नियम मोडण्याची जागाही एकच. शब्द उसने घेता येतात, पण एखाद्या धातूच्या बाबतीतला असला अपवाद कोणी उसना घेत नाही. म्हणूनच भाषांचं नातं ठरवताना समान नियमांपेक्षा समान अपवादांना जास्त वजन द्यावं, असं फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांचं सांगणं होतं. ‘ओइदा–वेद’ ही जोडी त्या तत्त्वाचं हुकमी उदाहरण आहे.

पाणिनीच्याही नजरेतून ही गोष्ट सुटली नव्हती. ‘अष्टाध्यायी’च्या तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात त्याने ‘विद्’ धातूसाठी खास तरतूद केली. लट् म्हणजे वर्तमानकाळ, लिट् म्हणजे परोक्ष भूतकाळ. ‘विद्’ला वर्तमानकाळातही विकल्पाने लिट्‌चे प्रत्यय लागतात, असं तो सांगतो. म्हणून संस्कृतात ‘वेत्ति’ आणि ‘वेद’ दोन्ही चालतात आणि दोन्हींचा अर्थ ‘जाणतो’. पाणिनीला ग्रीक व्याकरणाशी देणंघेणं नव्हतं. तरी ग्रीक विद्यार्थ्याला आज जे बजावलं जातं, रूप पूर्ण काळाचं आणि अर्थ वर्तमानाचा, तेच त्याने आपल्या भाषेपुरतं सूत्रात बांधून ठेवलं होतं.

पुण्यामुंबईत जर्मन शिकणाऱ्यांनाही हाच पाहुणा भेटतो, फक्त ओळख पटत नाही. ‘करतो’ म्हणायला जर्मनमध्ये ‘एर माख्ट’. तृतीयपुरुषी एकवचनाला शेवटी ‘ट’ हवाच. पण ‘त्याला माहीत आहे’ म्हणायला ‘एर वाइस’, तिथे ‘ट’ गायब. अनेकवचनात पुन्हा स्वर बदलून ‘विसन’. कारण ‘वाइस’ हेही मुळात ‘पाहून झालो’ या अर्थाचं जुनं पूर्ण रूप आहे आणि त्याला वर्तमानकाळाचा प्रत्यय कधी चिकटलाच नाही. ‘वाइस–विसन’ म्हणजे ‘वेद–विद्म’.

एक प्रश्न उरतो. संस्कृतात आणि जर्मनमध्ये ‘व’ आहे, मग ‘ओइदा’तला ‘व’ कुठे गेला? तो होता. ग्रीक लिपीत त्यासाठी ‘दिगम्मा’ नावाचं अक्षरही होतं. अथेन्सच्या आणि पूर्वेकडच्या आयोनियाच्या बोलींत तो उच्चार फार लवकर झिजला आणि अक्षरही मागे पडलं. मूळ रूप होतं ‘वोइदा’. भारत-इराणी शाखेत ‘ओ’चा ‘अ’ झाला, ‘वइद’ झालं आणि ‘अइ’ आकसून ‘ए’ झाल्यावर ‘वेद’. मधली पायरी अवेस्तात दिसते. तिथे हेच रूप ‘वएद’ असं आहे.

होमरच्या लेखी संहितेत ‘व’ नाही, पण वृत्तात त्याची जागा राखलेली आहे. सहाव्या सर्गात हेक्टर बायकोचा निरोप घेताना म्हणतो की ट्रॉय एक दिवस पडणार हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या ओळीत ‘तोदे ओइदा’ असे शब्द येतात. दोन स्वर असे समोरासमोर आले की ग्रीक कवी पहिला स्वर गाळतो. इथे तो गाळलेला नाही आणि तरीही वृत्त बिघडत नाही. कारण ज्यांच्या तोंडी ही परंपरा घडली ते ‘तोदे वोइदा’ म्हणत होते. केंब्रिजचे रिचर्ड बेंटली यांनी १८व्या शतकाच्या सुरुवातीला अशा जागा हेरल्या आणि हरवलेल्या ‘व’चा माग काढला.

त्यांचा तर्क किती अचूक होता, ते पुढे मातीच्या पाट्यांनी दाखवलं. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी ‘लीनियर बी’ ही लिपी उलगडली आणि होमरच्याही कित्येक शतकं आधीची ग्रीक वाचता येऊ लागली. पायलोसच्या राजवाड्यातली एक पाटी भांडीकुंडी आणि सामानाची नोंद आहे. तिच्या शिरोभागी म्हटलं आहे की राजाने अमक्याला अमक्या पदावर नेमलं तेव्हा अमक्या माणसाने हे पाहिलं. त्यातलं ‘पाहिलं’ हे क्रियापद ‘विदे’ असं लिहिलं आहे, ‘व’सकट. सुमारे इ.स.पू. १२०० मधल्या एका कारकुनाने हा पंचनामा लिहिला. माणूस गेला, त्याने डोळ्यांनी पाहिलं, आणि ते पाहणं दप्तरी ज्ञान झालं.

असं असलं तरी ‘ओइदा’ वापरणारा प्रत्येक जण डोळ्यांनी पाहिल्याचा दावा करत होता, असं समजू नये. हेक्टर भविष्याबद्दल ‘ओइदा’ म्हणतो, आणि भविष्य काही कोणी पाहिलेलं नसतं. हेरोडोटसचं उदाहरण आणखी स्पष्ट आहे. आपल्या इतिहासाच्या सुरुवातीलाच तो पुराणकथा बाजूला सारतो आणि म्हणतो की ग्रीकांवर पहिला अन्याय करणारा माणूस मला स्वतःला ठाऊक आहे, त्याच्यापासून सुरुवात करतो. तो माणूस म्हणजे लिडियाचा राजा क्रोएसस. क्रोएससचं राज्य बुडालं इ.स.पू. ५४६च्या सुमारास, हेरोडोटस जन्मला ४८४च्या सुमारास. पाहण्याचा प्रश्नच नव्हता. पण ‘ओइदा’ म्हणताना त्याला म्हणायचं होतं की ही गोष्ट माझ्या पडताळ्यातली आहे. इजिप्तवरच्या भागात तर तो वाचकाला बजावून ठेवतो: इथवर जे सांगितलं ते माझ्या नजरेतलं, माझ्या विचारातलं आणि चौकशीतलं, यापुढचं इजिप्शियनांकडून ऐकलेलं.

त्याच्या ‘चौकशी’साठीचा ग्रीक शब्द ‘हिस्तोरिए’ हाही ‘विद्’च्याच घरचा. ‘हिस्तॉर’ म्हणजे ज्याला ठाऊक आहे तो, साक्षीदार किंवा लवाद. ‘इलियड’च्या अठराव्या सर्गात अकिलीसच्या ढालीवर कोरलेल्या देखाव्यात खुनाच्या भरपाईवरून दोघे भांडतात आणि निवाड्यासाठी ‘हिस्तॉर’कडे जायचं म्हणतात. बिओशियातल्या शिलालेखांत करारांचे साक्षीदार ‘विस्तोरेस’ म्हणून नोंदलेले आहेत, तिथेही ‘व’ शाबूत. आजचं ‘हिस्टरी’ या साक्षीदाराच्या पोटी जन्मलं.

‘जाणणं’ सांगायला ग्रीकमध्ये ‘ओइदा’ एकटं नव्हतं. ‘गिग्नॉस्कॉ’ म्हणजे ओळखणं, उमगणं. आपल्या ‘ज्ञा’ धातूचं आणि त्यातून आलेल्या ‘जाणणे’चं हे भावंड. डेल्फीच्या देवळावरचा ‘स्वतःला ओळख’ हा प्रसिद्ध उपदेश याच क्रियापदात आहे, कारण तिथे अजून न झालेली ओळख करून घ्यायची आहे. ‘एपिस्तमाइ’ म्हणजे एखादी विद्या किंवा कला हस्तगत असणं. ‘ओइदा’ मात्र गाठलेल्या मुक्कामाचं क्रियापद. त्याच्यापुढे कृदंत विशेषण ठेवलं तर ‘अमुक आहे हे ठाऊक आहे’ असा अर्थ होतो. त्याच जागी ‘करणं’ या अर्थाचं तुमंत रूप ठेवलं तर अर्थ बदलून ‘अमुक करता येतं’ होतो. मराठीत ‘तो पोहतो हे मला माहीत आहे’ आणि ‘मला पोहता येतं’ अशी दोन वेगळी वाक्यं करावी लागतात. ग्रीकमध्ये ‘ओइदा’ जागचं हलत नाही, फक्त त्याचा सोबती बदलतो.

होमरच्या काळात या क्रियापदाची मजल स्वभावापर्यंत जाते. पोलिफेमस हा एकडोळ्या राक्षस दुष्ट आहे असं न म्हणता कवी म्हणतो की त्याला अधर्माच्या गोष्टी ठाऊक होत्या. प्रेमळ माणसाला हळुवार गोष्टी ठाऊक असतात. आपणही ‘त्याला दयामाया ठाऊक नाही’ म्हणतो तेव्हा माहितीबद्दल बोलत नसतो. याच क्रियापदाचं कृदंत पुल्लिंगी ‘एइदॉस’ आणि स्त्रीलिंगी ‘इदुइया’. संस्कृतातले त्यांचे जुळे ‘विद्वान’ आणि ‘विदुषी’. मैफलीच्या पत्रिकेवर गायिकेच्या नावाआधी आपण जे ‘विदुषी’ छापतो, ते रूप घडणीच्या दृष्टीने होमरच्या ‘इदुइया’शी अक्षरशः जुळतं. होमर ते विशेषण हेफेस्टस या कारागीर देवाच्या जाणत्या बुद्धीला लावतो.

पाहिलं म्हणजे कळलं, हा भाबडा हिशोब सोफोक्लीसने मोडून काढला. इडिपस या नावाचा, ग्रीक उच्चारात ‘ओइदिपूस’चा, सरळ अर्थ ‘सुजलेल्या पायाचा’. तान्हेपणी त्याचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकून दिलं होतं. सुजण्याचा ‘ओइद्’ आणि ठाऊक असण्याचा ‘ओइद्’ हे दोन वेगळे शब्द, पण कानाला एकच. नाटककाराने याचा पुरेपूर फायदा उठवला. आंधळा द्रष्टा टायरेसियस समोर असताना इडिपस फुशारकी मारतो: स्फिंक्सचं कोडं सोडवलं ते मी, काहीही ठाऊक नसलेल्या इडिपसने. मूळ ओळीत ‘एइदॉस’ आणि ‘ओइदिपूस’ हे दोन शब्द खेटून उभे आहेत. पुढे कॉरिंथहून निरोप्या येतो आणि इडिपसचं घर कुठे, तो कुठे, असं विचारतो. त्या तीन ओळींचे शेवट ‘होपू’, ‘ओइदिपू’, ‘होपू’ असे आहेत. ‘होपू’ म्हणजे कुठे, आणि शेवटच्या ‘होपू’च्या आधी ‘तुम्हाला ठाऊक असेल तर’ या अर्थाचं ‘ओइदा’चं रूप येतं. राजाच्या नावातूनच प्रेक्षकाला ‘ठाऊक... कुठे’ ऐकू येतं. डोळस राजाला आपण कोण हेच ठाऊक नाही, आंधळ्याला सगळं ठाऊक आहे, आणि खरं कळल्यावर राजा स्वतःचे डोळे फोडून घेतो.

प्लेटोने वेगळी वाट धरली. पाहण्याच्या याच धातूतून आलेले ‘एइदोस’ आणि ‘इदेआ’, म्हणजे मुळात दिसणारा आकार, हे शब्द त्याने चर्मचक्षूंना कधीच न दिसणाऱ्या तत्त्वांसाठी वापरले. त्याच्या ‘क्रॅटिलस’ संवादात सॉक्रेटिस ‘हेडीस’ या पाताळदेवाच्या नावाची व्युत्पत्ती सांगतो. लोक त्याचा अर्थ ‘न दिसणारा’ असा लावतात, पण खरं तर सर्व सुंदर गोष्टी ‘ठाऊक असणारा’ म्हणून हे नाव पडलं, असं तो म्हणतो. भाषाशास्त्र म्हणून हे टिकणारं नाही, पण ‘पाहणं’ आणि ‘जाणणं’ ही एकाच धातूची दोन टोकं ग्रीक कानाला किती जवळची होती ते यातून कळतं. ‘अपॉलॉजी’त सॉक्रेटिस आपल्या अज्ञानाची कबुली देतो तेव्हा ‘सुनोइदा’ हे रूप वापरतो: मी माझ्यासोबत जाणतो, माझा मीच साक्षी आहे. त्यातून ‘सुनेइदेसिस’ हा शब्द आला आणि लॅटिनने त्याच धर्तीवर ‘कॉन्शिएन्शिया’ घडवला. युरोपातला सदसद्विवेकाचा शब्द असा कोर्टातल्या साक्षीच्या भाषेतून निघाला.

प्लेटोच्या ‘फीडो’त सॉक्रेटिसच्या अखेरच्या दिवसाची, म्हणजे इ.स.पू. ३९९ मधली, चर्चा आहे. तिथे थीब्जचा केबीस एका क्षणी हसून ‘इत्तॉ झेउस’ म्हणतो. अथेन्सच्या बोलीत ‘ओइदा’चं हे रूप ‘इस्तॉ’ झालं असतं: ‘झ्यूस जाणो’. गंभीर संवादात एका माणसाची गावाकडची बोली अशी क्षणभर निसटते आणि प्लेटो ती जशीच्या तशी टिपतो.

अलेक्झांडरनंतर ग्रीक भाषा इजिप्तपासून बॅक्ट्रियापर्यंत पसरली आणि ती शिकणाऱ्या परक्यांना ‘इस्मेन, इस्ते, इसासि’ जड जाऊ लागलं. मुलं ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतात, त्याच न्यायाने लोक एकवचनावरून ‘ओइदामेन, ओइदाते, ओइदासिन’ म्हणू लागले. नव्या करारात बहुतेक ठिकाणी हीच सोपी रूपं आहेत. क्रूसावरचा येशू आपल्या मारेकऱ्यांच्या अज्ञानाबद्दल बोलतो, तेव्हा लूकच्या शुभवर्तमानात रूप आहे ‘ओइदासिन’.

आज अथेन्समध्ये ‘ओइदा’ चालतं ते ठरावीक वाक्प्रचारांत. ‘किरिओस इदे’, म्हणजे ‘देव जाणे’, हा त्यातला एक. ‘ओइदे’चा उच्चारही आता ‘इदे’ झाला आहे. रोजच्या ‘मला माहीत आहे’ला आधुनिक ग्रीक ‘क्सेरो’ म्हणतो. हा शब्द ‘शोधून काढणं’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदाच्या भूतकाळी अंगातून घडला: शोधून झालं, म्हणून ठाऊक आहे. लॅटिनमध्येही ‘नोवी’, म्हणजे ‘मला माहीत आहे’, हे ‘ओळखणं’ या क्रियापदाचं पूर्ण रूप आहे. पाहणं, ओळखणं, शोधणं: धातू दर वेळी निराळा, पण जाणणं सांगायला या भाषांनी उरकलेल्या कामाचंच रूप निवडलं. त्यांच्या व्याकरणात ज्ञान हे काम म्हणून येत नाही. आधी झालेल्या कामाची शिल्लक म्हणून येतं.